कै. वि. स. पागे : अठरा वर्षे सभापती



आपल्या राज्यात विधानसभेखेरीज विधान परिषद नावाचे दुसरे सभागृह आहे, हे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले असते. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो. सदस्यसंख्या ७८, मुदत ६ वर्षे, दर २ वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त, एवढे लिहिले की गुण पदरात पडतात आणि धडा मागे पडतो. दर वर्षी वर्गातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी मात्र विचारतोच की, सर, एक सभागृह असताना हे दुसरे कशाला? पूर्वी मी त्याला पुस्तकातलेच उत्तर देत असे. अलीकडे मी एका माणसाची हकीकत सांगतो. तीच आज आपल्यापुढे मांडावी, म्हणून लेखणी हाती घेतली आहे.

हा माणूस म्हणजे कै. विठ्ठल सखाराम पागे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. तेथून १९७८ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. या अवधीत राज्याने यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील असे मुख्यमंत्री पाहिले. मंत्री आले, गेले, खाती बदलली, पक्षांत उलथापालथ झाली. वरच्या सभागृहातील त्या उंच खुर्चीवर बसणारा माणूस तेवढा बदलला नाही. एवढा दीर्घ काळ ते पद सांभाळणे ही साधी गोष्ट नव्हे. पण केवळ तेवढ्यासाठी मी आपला वेळ घेतला नसता. खुर्च्या भूषविणारे पुष्कळ होऊन गेले.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर नावाचे खेडे आहे, ते त्यांचे गाव. त्यांच्या लहानपणी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस इकडे पोचेपर्यंत दमून जातो. ढग दिसतात, वारा सुटतो आणि सरी पुढे निघून जातात. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला पाऊस म्हणजे काय आणि पाऊस नसणे म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. ते वकिलीचे शिक्षण घेऊन बाहेर पडले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, गांधीविचाराकडे आणि सर्वोदयाकडे ओढले गेले. संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. वकिलाची तर्कशुद्धता आणि वारकऱ्याची कळकळ अशा दोन गोष्टी एका माणसात क्वचितच एकत्र येतात. पुढे जे घडले त्यात या दोहोंचाही उपयोग झाला, असे मला वाटते.

आता सभापती म्हणजे काय, हे जरा नीट समजून घेऊ. विद्यार्थ्यांना वाटते की, सर्वांत उंच आसनावर बसतो तो सर्वांत बलवान. वस्तुतः सभागृहात त्याच्याइतका हात बांधलेला दुसरा माणूस नसतो. इतर सदस्य भाषणे करतात, विधेयके मांडतात, सरकारवर तुटून पडतात किंवा त्याची पाठराखण करतात. सभापतीने यांपैकी काही करायचे नसते. कोणी किती वेळ बोलायचे, कोणता प्रश्न नियमात बसतो, कोणता शब्द कामकाजातून काढायचा, हे ठरवायचे आणि बाकी सारे ऐकून घ्यायचे. मतदानाची वेळ आली तरी घटनेप्रमाणे त्याला पहिल्यांदा मत देता येत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तरच त्याने आपले निर्णायक मत द्यायचे. म्हणजे मनात एखादी कल्पना कितीही घोळत असली, तरी त्या सभागृहात उभे राहून ती मांडण्याची सोय त्यालाच नाही.

त्या काळी विधिमंडळ मुंबईत अपोलो बंदरानजीकच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. पूर्वी ती खलाशांच्या वसतिगृहाची इमारत होती आणि पुढे तेथे पोलीस महासंचालकांचे कार्यालय आले. नरिमन पॉइंटचे नवे विधान भवन १९८१ साली उघडले, तेव्हा पागे यांना निवृत्त होऊन तीन वर्षे लोटली होती. हिवाळ्यात अधिवेशन नागपुरास भरे. अधिवेशन संपले की सभापती विसापूरला जात आणि तेथे शेताच्या बांधावर त्यांना वेगळेच सभागृह भेटे. पेरणी आणि काढणी सोडली तर बाकीचे महिने हाताला काम नसलेली माणसे तेथे दिसत. ज्याची स्वतःची जमीन नाही किंवा दोन-चार एकर कोरडवाहू आहे, त्याने वर्षाचे सात-आठ महिने करायचे काय? मुंबईची गिरणी गाठायची, सावकाराचे दार वाजवायचे, नाही तर उपाशी निजायचे.

योजनेची कल्पना कशी सुचली, याची एक आठवण सांगितली जाते. विसापूरच्या घरी असताना पागे यांनी आपल्या पत्नीला एक हिशेब घातला. शेतीच्या कामासाठी सरकारने सातशे रुपये दिले, तर किती माणसांना किती दिवस काम देता येईल? घरची शेती पाहणाऱ्या बाईला मजुरीचा दर तोंडपाठ असतो, तेव्हा प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला होता, यात शंका नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता वही काढा आणि हे गणित तुम्हीच करून पाहा. शेतमजुराला दिवसाला पावणेदोन रुपये पडतात असे धरा. सातशेला पावणेदोनने भागा. उत्तर येते चारशे. म्हणजे वीस माणसांना वीस दिवस काम. आता सातशेच्या जागी सात लाख घ्या, सात कोटी घ्या. चौथी-पाचवीतल्या मुलाला यावे असे हे गणित आहे. पण राज्याच्या अंदाजपत्रकाकडे या बाजूने पाहण्याचे तोवर सुचले नव्हते. रस्त्याला इतके, धरणाला इतके, इमारतीला इतके असा हिशेब चाले. त्यातून किती माणसांच्या घरी किती दिवस चूल पेटेल, हा रकाना त्यात नसे. पागे यांनी हिशेबाचे टोक बदलले. आधी माणसे मोजा, मग त्यांच्यासाठी काम शोधा आणि मग पैशाचा आकडा काढा, असा त्यांचा क्रम होता.

सभागृहात बोलता येत नसले तरी मुख्यमंत्र्यांशी बोलायला सभापतीला कोणाची मनाई नसते. वसंतराव नाईक हे स्वतः शेतीत रमणारे मुख्यमंत्री. पागे यांनी आपला विचार त्यांच्यापुढे मांडला आणि नाईक यांनी तो हसण्यावारी नेला नाही. १९६५ साली तासगाव तालुक्यातच त्याचा प्रयोग सुरू झाला. त्याला लोक पागे योजना म्हणू लागले. मृदसंधारणाची, बांधबंदिस्तीची, रस्त्याची कामे काढायची आणि जो मागेल त्याला काम द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे आणखी काही तालुक्यांत तो प्रयोग नेण्यात आला. १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून मजुरी द्या, असे त्या विद्वानांनीही सुचविले होते. विसापूरचा हिशेब आणि पुण्याचा हिशेब एकाच ठिकाणी येऊन पोचला, याचे मला शिक्षक म्हणून फार अप्रूप वाटते.

१९७२ साली रोजगार हमी योजना राज्याची योजना म्हणून जाहीर झाली. आणि त्याच वर्षी आभाळ फाटण्याऐवजी आटले.

पालकहो, बहात्तरच्या दुष्काळाविषयी मी काय लिहावे? आपल्यातील वडीलधाऱ्यांनी तो अंगावर काढलेला आहे. आधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिलेली होतीच. विहिरी कोरड्या पडल्या, दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने गेली, गावेच्या गावे खडी फोडायला बसली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्या धामधुमीत नवी योजना बाजूला राहिली आणि सरकारची सारी यंत्रणा दुष्काळी कामांत गुंतली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, जेथे जे सुचेल ते काम निघाले. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर मिळे आणि कामावर सुकडी वाटली जाई.

माझी दादी त्या कामांवर होती. आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. आजोबांचा धंदा गाठोडे पाठीवर घेऊन बाजारोबाजार फिरण्याचा होता. बाजारच भरेनासे झाले तेव्हा गाठोडे घरात पडले. ज्या घरातली बाई कधी दुसऱ्याच्या बांधावर गेली नव्हती, ती डोक्यावर पदर घट्ट ओढून पाझर तलावाच्या कामावर घमेली वाहू लागली. पहिले दोन दिवस तिने कोणाकडे मान वर करून पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतल्या पाटलांच्या घरची सून त्याच रांगेत उभी दिसली, तेव्हा तिची भीड चेपली, असे ती सांगे. मिलोची भाकरी थापताना तुटते, ती कशी सांभाळायची, हे तिने तिथल्या बायांकडूनच शिकून घेतले. माझे वालिद त्या वेळी लहान होते. डबा घेऊन सुकडीच्या रांगेत उभे राहणे हे त्यांचे काम. मोजमाप करणारा एक मुकादम खड्ड्याची खोली कमी लिही. मजुरीच्या दिवशी पैसे कमी हातात पडत आणि दाद मागायला जागा नसे. का, तर ते दुष्काळी काम होते. सरकारने दया म्हणून काढलेले. दया करणाऱ्याकडे हिशेब कसा मागणार?

पागे यांच्या विचाराचे खरे मर्म इथे आहे, आणि ते कळावे म्हणून मी घरची गोष्ट मध्ये आणली. दुष्काळी कामे इंग्रजांच्या राज्यातही निघत. कलेक्टरने दुष्काळ जाहीर करायचा आणि मग कामे सुरू व्हायची. म्हणजे माणूस उपाशी आहे की नाही, हे सरकारने ठरवायचे. पागे यांना हे उलटे करायचे होते. काम हवे असे माणसाने म्हणावे आणि ते देणे सरकारवर बंधनकारक असावे. न दिले तर सरकारने भरपाई द्यावी. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. शिवाय राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे. वकील असलेल्या पागे यांना ही पुस्ती चांगली ठाऊक होती. म्हणून त्यांनी कुवतीचा प्रश्नही मोकळा सोडला नाही.

दुष्काळ सरल्यावर १९७४ पासून योजना पुन्हा उभी राहिली. पण हमी द्यायची तर पैसा दर वर्षी हवा. तो कोठून आणायचा? आपल्यापैकी जे नोकरदार आहेत त्यांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. कपातीच्या बाजूला व्यवसाय कर अशी एक ओळ असते. माझ्या पत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. अनेक वर्षे मी ती ओळ पाहत होतो आणि इतरांप्रमाणेच कुरकुरत होतो. हा कर १९७५ च्या कायद्याने बसला, आणि बसला तो रोजगार हमीसाठी. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटारवाहन कर, जमीन महसूल, बागायती जमिनी यांवरही जादा आकारणी करण्यात आली. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्य सरकारने आपल्याकडून घालायची, आणि हा सारा पैसा रोजगार हमीच्या वेगळ्या निधीत जायचा, अशी व्यवस्था झाली. मुंबईच्या कचेरीतील कारकून, वकील, डॉक्टर, दुकानदार आणि आम्ही शिक्षक यांच्या खिशातून निघालेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या हातावर पडू लागला. हे कळल्यापासून माझी कुरकुर बंद झाली, असे मी म्हणणार नाही. पण ती पूर्वीसारखी राहिली नाही, हे खरे.

योजनेला विरोधही पुष्कळ झाला. शहरवाल्यांना कर नको होता. काही मोठ्या शेतकऱ्यांना धास्ती होती की, सरकार काम देऊ लागले तर आपल्या शेतावर मजूर येणार नाहीत आणि आले तर मजुरी वाढवून मागतील. माझ्या मते ही धास्ती अगदीच खोटी नव्हती. गरजू माणसाला दुसरे दार उघडे असले की पहिल्या दारावरचा भाव बदलतोच. पागे यांनी वाद घालून कोणाला हरविले, असे कोठे दिसत नाही. ते समजावत राहिले. काँग्रेसचे मंत्री, विरोधी बाकांवरचे समाजवादी, शेकाप आणि कम्युनिस्ट या सर्वांशी निःपक्षपातीपणे वागणाऱ्या सभापतीचे म्हणणे सर्वांना ऐकावे लागे. जे पद त्यांचे तोंड बंद ठेवी, त्याच पदाने त्यांच्या शब्दाला वजनही दिले.

१९७७ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. तासगावच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा बारा वर्षे झाली होती. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे सारे पक्ष या एका गोष्टीवर एकत्र आले. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अमलात आला. त्या वेळी शरद पवार मुख्यमंत्री होते आणि पागे निवृत्त झालेले होते.

कायद्यात होते तरी काय? ग्रामीण भागातील अठरा वर्षांवरील कोणाही स्त्री-पुरुषाने, अंगमेहनतीचे काम करण्याची तयारी असेल तर, आपले नाव नोंदवावे. काम हवे असेल तेव्हा नमुना नंबर ४ भरून मागणी करावी. मागणीपासून पंधरा दिवसांत काम मिळालेच पाहिजे. न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा, आणि तो सुरुवातीला रोज किमान एक रुपया होता. पन्नास मजूर मिळत असतील तर नवे काम काढावे. खर्चाचा साठ टक्के भाग तरी मजुरीवर जावा. ठेकेदार नसावा. मजुरी कामाच्या मोजमापावर असावी आणि बाई-पुरुष असा भेद त्यात नसावा. कामावर पिण्याचे पाणी, सावली, तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर असावे. अर्जदाराची जात कोणती, धर्म कोणता, जमीन आहे की नाही, रेशनकार्ड कसले, हे त्यात कोठेही विचारलेले नाही. दोन हात चालविण्याची तयारी आहे ना, एवढाच दाखला पुरे. आपल्या जमातीतले पिंजारी, अत्तार, तांबोळी, मुलाणी, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि ज्यांचे पिढीजात धंदे यंत्रांनी खाल्ले, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, ते आपल्याला सांगायला नको.

१९७९-८० साली या योजनेवर वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम झाले. मनुष्यदिवस म्हणजे एका माणसाचे एक दिवसाचे काम. विसापूरच्या हिशेबात ते चारशे होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. या कामांवर बायांची संख्या फार मोठी असे. कष्टकऱ्यांच्या संघटना खेड्यापाड्यांत नमुना नंबर ४ घेऊन फिरू लागल्या. निरक्षर बायांनी अंगठा उठवून काम मागितले, पोच मागितली, आणि पोच न देणाऱ्या कचेरीपुढे मोर्चे काढले. पंधरा वर्षांपूर्वी याच बाया मुकादमापुढे मान खाली घालून उभ्या राहत असत.

सारे छान चालले, असे मात्र मी आपल्याला सांगणार नाही. माझे वाचक खेड्यातले आहेत, त्यांनी सगळे पाहिलेले आहे. हजेरीपटावर खोटी नावे लागली. मेलेली माणसे कामावर हजर झाली. खडीचे ढीग फोडले गेले आणि रस्त्याचा पत्ता नाही, असेही झाले. मजुरी आठवडेच्या आठवडे अडकून राही. बेकारी भत्ता तर हातात पडलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. १९८८ साली किमान वेतनाबरोबर योजनेवरील मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले. त्यानंतर कामे वाढण्याऐवजी कामावरील हजेरी घटली. मजूर नकोसे झाले म्हणून नव्हे, तर पैसा पुरवायचा म्हणून कामे हात राखून निघू लागली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मागेल त्याला काम, या शब्दांतला मागेल हा शब्द तेव्हा कचेरीत थोडा ढिला झाला. माझ्या दृष्टीने योजनेची सर्वांत मोठी हानी खोट्या मस्टरने केली नाही, या ढिलाईने केली. चोर पकडता येतो. पण जे कामच निघाले नाही त्याची नोंद कोठल्याच रजिस्टरात नसते.

पागे हे जाणून होते. सभापतिपद सोडल्यावर रा. सू. गवई त्या खुर्चीवर आले. ते आधी दहा वर्षे उपसभापती म्हणून पागे यांच्यासोबत काम करीत होते. मोकळे झालेले पागे आराम करते तर कोणी नावे ठेवली नसती, वय सत्तरीकडे झुकले होते. पण राज्य पातळीवर रोजगार हमीच्या कामावर देखरेख करण्याच्या जबाबदारीत ते राहिले. जो माणूस अठरा वर्षे दुसऱ्यांची भाषणे ऐकत होता, त्याला आता मजुरांच्या तक्रारी ऐकायच्या होत्या. ऐकण्याचा सराव दांडगा होता, एवढेच.

त्यांच्याविषयी वाचताना एक गोष्ट मला सतत टोचते. आमच्या शाळेतल्या दहावीच्या वर्गाला मी गेल्या वर्षी विचारले, वि. स. पागे कोण? एकही हात वर झाला नाही. रोजगार हमी म्हणजे काय, असे विचारल्यावर अर्ध्याहून अधिक हात वर झाले. कोणाची आई त्यावर गेलेली, कोणाच्या शेतातली विहीर त्यातून खोदलेली. मुलांना आपण फक्त सत्ता गाजविणाऱ्यांची नावे पाठ करायला लावतो, याचा दोष आम्हा शिक्षकांकडेच जातो. खरे तर विधान परिषदेत एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात. त्या सभागृहाशी आमचे नाते इतरांपेक्षा जवळचे. तरीही मला स्वतःला हे नाव कळले ते बी.एड. झाल्यावर, आणि तेही दादीच्या पाझर तलावाची चौकशी करता करता.

पालकहो, हे सारे मी आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत का लिहीत आहे, असे आपल्याला वाटले असेल. आपल्याकडे मुलगा हुशार निघाला की डॉक्टर, इंजिनियर आणि आता संगणकवाला यांखेरीज चौथी वाट सुचत नाही. विधिमंडळ म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची किंवा चांगल्या माणसाने जाऊ नये अशी जागा, असा आपला समज. पागे यांच्याजवळ कारखाना नव्हता, पक्षातला गट नव्हता. कायद्याचे ज्ञान, गावाशी तुटू न दिलेला संबंध आणि एकच गोष्ट बारा वर्षे धरून ठेवण्याची चिकाटी, एवढी त्यांची पुंजी. यांतली पहिली गोष्ट आपली मुले कॉलेजात मिळवू शकतात. दुसरी त्यांना आपणच देऊ शकतो, जर शहरात नोकरी लागल्यावर गावाकडे पाठ फिरवायला आपण शिकवले नाही तर. तिसरीचे काय करावे, ते मला सांगता येत नाही. माझ्या वर्गात ती वर्षाला एखाद्या मुलीत दिसते.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली. तो कायदा घडविताना महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव सर्वांपुढे होता. पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, साठ टक्के मजुरी, ठेकेदाराला मज्जाव, हे सारे तिकडे जसेच्या तसे दिसते.

आणि पागे गेले त्याच वर्षी, १९९० साली, राज्य सरकारने रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड दिली. शेतकऱ्याने स्वतःच्या पडीक जमिनीत खड्डे खोदावे, कलमे लावावी, पाणी घालावे आणि त्याची मजुरी रोजगार हमीतून घ्यावी, अशी ती योजना. इकडे देशावर डाळिंब आणि बोर लागले. तिकडे कोकणात, जिथे आपल्या जमातीच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष मुंबईला नाही तर आखातात असत आणि डोंगरउताराची वरकस जमीन नुसती गवताला सोडलेली असे, तिथे हापूसची आणि काजूची कलमे उभी राहू लागली. त्यांचे खड्डे खोदणाऱ्यांची हजेरी रोजगार हमीच्याच मस्टरवर लागत होती.